रंगसामींच्या शेताकडचे वळण

पावसाने धुऊन काढलेल्या तांबड्या मुरुमावर सकाळचे कोवळे ऊन पडले, की त्यातून एक ऊबदार, किंचित लोखंडासारखा वास उठतो. मृद्गंध म्हणून जो सर्वांना ठाऊक असतो, तो हा नव्हे. हा त्याहून जड आहे, प्रौढ आहे. बैलांच्या खुरांनी आणि गाडीच्या चाकांनी वर्षानुवर्षे दाबून बसवलेल्या जमिनीचा हा वास. तो शेताला येत नाही, अंगणाला येत नाही, येतो तो फक्त वाटेला! तुम्ही कधी आडगावच्या गाडीवाटेने अनवाणी चालला असाल, तर मी काय म्हणते ते तुम्हाला उमजेल.

वेलचेरीच्या तळ्याकडून निघून गिंडीच्या मोठ्या रस्त्याला मिळणारी एक अशी वाट होती. लग्न होऊन मी तंजावरहून आले तेव्हा मनात मद्रासचे जे चित्र होते, त्यात समुद्र होता, दुमजली बंगले होते, विजेच्या दिव्यांच्या माळा होत्या. आणि प्रत्यक्षात स्टेशनावरून बसने गिंडीपर्यंत आणून यजमानांनी मला बैलगाडीत बसवले! गिंडीला तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते. त्यांपैकी एका लहानशा कारखान्यात हे कारकून होते. घर मात्र त्यांनी तीन-साडेतीन मैल आत, वेलचेरी या खेड्यात घेतले होते, कारण तिथे त्यांची थोरली बहीण राहत असे. गाडी त्या तांबड्या वाटेला लागली. एका अंगाला तळ्याच्या सांडव्याचे पाणी नेणारी खोल चारी, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरे, मधूनच ताडांच्या रांगा, आणि संध्याकाळच्या त्या विरळ प्रकाशात दूर कुठेतरी गिंडीच्या रानातल्या हरणांची हाक. मी रडवेली झाले होते खरी. पण त्या वासाने मला थोपवले. या वाटेवरून पुष्कळ माणसे गेली आहेत, आणि ती सगळी कुठे ना कुठे पोचली असली पाहिजेत, असे काहीसे माझ्या मनात आले.

मोठ्या रस्त्यांचे दैवच निराळे! त्यांना नावे असतात, मैलाचे दगड असतात, त्यांच्या आरंभाला मांडव पडतो आणि कोणी थोर गृहस्थ फीत कापतो. आडवाटेला नाव कुठले असायला? ती कुणी केली हे कुणाला ठाऊक नसते. ती राखली जाते तीही अशीच, नकळत. कुणी खड्ड्यात चार दगड टाकतो, कुणी जाता जाता तुंबलेली चारी पायाने मोकळी करतो, कुणी गाडीला आडवी येणारी बाभळीची फांदी छाटतो. वेलचेरीत पूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर सारा गाव एक दिवस वाटेवर उतरत असे, असे मी ऐकले होते. आमचा पावसाळा आषाढ-श्रावणातला नव्हे हो. तो ऐप्पसी महिन्यात, दिवाळीच्या सुमारास, समुद्राकडून येतो. मी गेले तेव्हा ती रीत बंद पडून काही वर्षे झाली होती. आता रस्ते सरकार करील, असे गाव म्हणे. आतल्या वाटा गावाने पाहाव्या, असे सरकारी माणूस म्हणे. वाट बिचारी दोघांच्या मध्ये पडून होती.

आणि तिला एक दुसराच रोगही जडला होता. तो मला अक्काने दाखवला.

अक्का म्हणजे माझी नणंद. आम्हा तंजावरच्या मराठी माणसांची भाषा पिढ्यान्‌पिढ्या तमिळच्या मांडीवर वाढलेली. वन्सं वगैरे शब्द आमच्या घरात कधी नव्हतेच. नवऱ्याची बहीण ती माझीही अक्का. ऐन तारुण्यात वैधव्य आले तेव्हा घरच्यांनी तिच्यासाठी देवघराचा कोपरा मुक्रर करून ठेवला होता. पण तिने एके दिवशी मद्रासची गाडी धरली, सुइणीचे शिक्षण घेतले, आणि वेलचेरीच्या दोन खोल्यांच्या प्रसूतिगृहात येऊन ती बसली. उंच बांधा, भरदार आवाज, काखेत काळी छत्री. गाव तिला 'नर्सम्मा' म्हणे. ती चालू लागली म्हणजे वाटेतली गुरेसुद्धा बाजूला होत असावीत असे मला वाटे!

एकदा आम्ही दोघी गिंडीच्या बाजाराहून परत येत होतो. तळ्याजवळ, रंगसामींच्या शेतालगत वाट वळते. तिथे अक्का थांबली.

"रुक्मा, इथं वाट किती रुंद आहे, बघ."

मी पाहिले. एक गाडी जेमतेम जाईल एवढी.

"आणि तिथं, मागं?"

मागे दोन गाड्या सहज शेजारून गेल्या असत्या.

"मी आले तेव्हा इथंही तेवढीच होती," अक्का म्हणाली. "दर वर्षी नांगर वळताना फाळाच्या रेघेचा एक तास वाटेत उतरतो. मग बांध तिथं सरकतो. पुढच्या वर्षी आणखी एक तास. कुणी चोरी केली असं म्हणता येत नाही, आणि वाट तर कमी होत जाते."

मी तशी लहानच होते. माणूस जमीन खातो हे ऐकले होते. पण नांगराच्या एकेका तासाने, इतक्या सावकाश, इतक्या निरागसपणे खातो, हे मला नवीन होते. आणि रंगसामी काही दुष्ट मनुष्य नव्हते. पांढरेशुभ्र धोतर, कपाळाला विभूती, बोलणे मृदू. गावात कुणाच्या घरी कार्य निघाले तर पहिली केळीची पाने त्यांच्या बागेतून जात. एका तासाने काय होते, असे त्यांना वाटत असणार. एका तासाने खरोखरच काही होत नाही. होते ते पुष्कळ वर्षांच्या पुष्कळ तासांनी.

त्या ऐप्पसीत पाऊस असा लागला, की तळे काठोकाठ भरले आणि चारी फेसाळत वाहू लागली. एके दुपारी अक्का दारात उभी राहिली. पदर कमरेला खोचलेला.

"चल, रुक्मा. सेल्वीला सैदापेठच्या इस्पितळात न्यायचं आहे. आया तापानं पडली आहे, मला सोबत कुणीतरी हवं."

सेल्वी म्हणजे गावातल्या एका गाडीवानाची बायको, पहिलटकरीण. आदल्या दिवसापासून ती कळा देत होती, आणि आता त्या कळाच मंदावत चालल्या होत्या.

"अक्का, मला त्यातलं काही येत नाही," मी म्हणाले.

"छत्री धरता येते ना? मग पुरे."

गाडीवर चटईचा टप बांधला होता, आत गवत पसरले होते. सेल्वीचा नवरा बैलांच्या बाजूने चिखलातून चालत त्यांना नावाने चुचकारीत होता. अक्का सेल्वीचे डोके मांडीवर घेऊन बसली होती; मी पायांशी. पाणी टपातून गळत होते, गाडी हेलकावे खात होती, आणि दर हेलकाव्याला सेल्वी ओठ चावीत होती. तिच्यापेक्षा मीच अधिक भ्याले होते. ती माझ्याकडे पाहून एकदा हसल्यासारखे करून म्हणाली, "तंगच्ची, तू का रडतेस?" तंगच्ची म्हणजे धाकटी बहीण. त्या अवस्थेत तिने मला धीर द्यावा!

रंगसामींच्या शेताकडचे वळण आले. शेताच्या बाजूची जमीन नांगरून मऊ झालेली, म्हणून गाडीवानाने बैल चारीच्या बाजूने घेतले. तिथे वाटेची कड पाण्याने आतून पोखरली होती. एक चाक टेकले, जरासे थांबले, आणि मग सारी कडच त्याच्यासह खाली बसली. गाडी कलंडली. मला आठवते ते एवढेच, की अक्काने सेल्वीला दोन्ही हातांनी छातीशी कवटाळले आणि स्वतः खाली पडली. सेल्वी तिच्या अंगावर. सेल्वीला खरचटलेसुद्धा नाही. पण अक्का उठली तेव्हा तिचा उजवा हात मनगटातून विचित्र लोंबत होता.

शेजारच्या खाचरात बायका भाताची लावणी करीत होत्या. रोपांच्या जुड्या तिथेच टाकून त्या धावल्या. त्यांच्यात पुढे होती अंजलै, पिकल्या केसांची, काटक, साऱ्या लावणीवाल्यांची म्होरकी. चारी फुगलेली, वाटेवर चिखल. सेल्वीला ठेवावे कुठे? अंजलैनेच तिला उचलून रंगसामींच्या शेताच्या कडेला नेले, जिथे नुकताच नवा बांध घातला होता. जागा जरा उंच होती. गाडीतले गवत तिथे पसरले गेले, टपाची चटई उपटून चौघी-पाचजणींनी डोक्यावर धरली, बाकीच्या पाठी वळवून भोवती उभ्या राहिल्या. भिजलेल्या लुगड्यांची ती भिंत मला आजही दिसते. आणि त्या धक्क्याने म्हणा, देवाच्या दयेने म्हणा, सेल्वीच्या मंदावलेल्या कळा पुन्हा जोराने सुरू झाल्या.

अक्काने आपला लोंबता हात पदरात गुंडाळून पोटाशी धरला आणि ती गुडघ्यांवर बसली.

"रुक्मा, समोर ये. माझ्या पिशवीतल्या बाटलीतलं औषध हातावर ओत, कोपरापर्यंत चोळ."

"मी? अक्का, मी नाही..."

"माझा हात गेला आहे. यांचे सगळ्यांचे हात चिखलातले आहेत. चिखल न लागलेले तुझेच आहेत. बस."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी कदाचित पळून गेले असते. मी बसले.

"डोकं दिसतं?"

"दिसतं."

"ओढू नकोस. नुसता आधार दे. सेल्वी, आता जोर कर, राजा. अजून. रुक्मा, मानेभोवती काही लागतं का, बोटानं बघ."

माझ्या बोटाला काहीतरी लागले. गुळगुळीत, जाड, दोरीसारखे, आणि धडधडणारे.

"लागतंय, अक्का."

ती वाकून जवळ आली. पावसाचा आवाज तेवढा मला ऐकू आला.

"नाळ आहे. बोट तिच्याखाली घाल. सैल कर. आता हळूच डोक्यावरून काढ. घाई नको. पण थांबू नकोस."

मी ती काढली. कशी काढली ते मला विचारू नका. त्या वेळी मी नव्हतेच, अक्काचा आवाज होता आणि त्याच्या टोकाला कुणाचेतरी हात होते. मूल बाहेर आले. मुलगी. निळसर, गप्प, जडशी.

"पालथी धर. पाठ चोळ. जोरात! अगो, फुलं वेचत नाहीस तू, जोरात चोळ!"

मी चोळत राहिले. बायकांची ती भिंत श्वास रोखून उभी होती. आणि मग ती पोर एकदा आचका देऊन अशी रडली, की डोक्यावर धरलेली चटई हलली आणि तिच्यावरचे साठलेले पाणी आमच्या सगळ्यांवर कोसळले. अंजलै मोठमोठ्याने हसू लागली. सेल्वी हसली, तिचा नवरा बैलाच्या मानेला मिठी मारून रडू लागला, आणि मला हसावे की रडावे तेच कळेना.

गलबला ऐकून रंगसामी ताडपानाची छत्री घेऊन धावत आले. आता त्यांच्याविषयी खरे तेच सांगायचे तर, सर्वांत आधी खाट आली ती त्यांच्याच घरून. घोंगडीही त्यांनीच आणवली. त्यांच्याच चार गड्यांनी सेल्वीला आणि बाळाला खांद्यावरून मोठ्या रस्त्यापर्यंत पोचवले. तिथे विटांच्या एका लॉरीला हात करून आम्ही सैदापेठ गाठले. मायलेकी सुखरूप राहिल्या. अक्काचे हाड मात्र दोन ठिकाणी मोडले होते. हात गळ्यात बांधून ती घरी आली आणि त्याच आठवड्यात, मला बरोबर घेऊन, रंगसामींच्या ओसरीवर जाऊन बसली.

त्यांनी ताक मागवले, हाताची चौकशी केली.

"हात बरा होईल," अक्का म्हणाली. "मी वाटेचं बोलायला आले आहे."

रंगसामींनी मान खाली घातली. मग मृदूपणे म्हणाले, "नर्सम्मा, खाट मागा, देतो. बैल मागा, देतो. शेत मागू नका. वडिलांनी घातलेला बांध मी कसा हलवू?"

"हलवू नका. वडिलांनी जिथं घातला होता तिथंच तो असू द्या, एवढंच म्हणते. तो चालत वाटेवर आला आहे."

"पाण्यानं कड कापते. माती सरते. माणसाच्या हातात काय आहे?"

"पाण्यानं कापली असती तर कधी तुमचंही शेत कमी झालं असतं. दर वेळी वाटच कशी कापली जाते, अय्या?"

(अय्या ही तिकडची आदराची हाक.) ते म्हणाले, "वाट सरकारची आहे. सरकारला सांगा." अक्का उठली. ताकाचे भांडे तिने रिकामे केले होते. ती अन्नाचा अपमान कधी करीत नसे.

सरकारी माणसालाही ती भेटली. त्याने सहानुभूतीने ऐकून घेतले, पावसाळा सरल्यावर येऊन पाहतो म्हणाला. आणि त्याचे तरी काय चुकले? त्याच्या वाट्याला अशा कितीतरी वाटा होत्या. पण मुले पावसाळा सरायची वाट थोडीच पाहतात! गावात आणखी तीन-चार बायका दिवसांत होत्या. अक्का संध्याकाळी ओसरीवर बसून डाव्या हाताने कपड्याच्या घड्या घालायचा सराव करी आणि मधूनच थांबून वळणाच्या दिशेने पाही. तिला खचलेली मी तेव्हाही पाहिली नाही. विचारात पडलेली मात्र पाहिली.

आणि अशा वेळी जे घडले, त्यात ना अक्काचा हात होता ना माझा.

त्या दिवशी पाऊस उघडला होता. सेल्वीचा नवरा धापा टाकीत घरी आला. "नर्सम्मा, वळणावर चला. रंगसामी अय्यांच्या शेतात लावणी चालू आहे." लावणीत पाहण्यासारखे काय आहे, ते त्याला नीट सांगता येईना. आम्ही गेलो.

साऱ्या खाचरात कोवळी पोपटी रोपे ओळीओळीने उभी होती, निवळत्या पाण्यात आपलीच प्रतिबिंबे पाहत. पण वाटेच्या बाजूने, वळणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक रुंद पट्टी तशीच मोकळी सोडलेली! ओळी तिथपर्यंत येऊन थांबल्या होत्या. सुतळी धरून आखावी तशी ती कड सरळ होती, आणि ती बरोबर तिथेच होती जिथे, मागची-पुढची वाट पाहिली तर, वाटेची जुनी कड असायला हवी. बायका काम आटोपून, हात धुऊन, पलीकडच्या बांधावर उभ्या होत्या. आणि रंगसामी छत्री मिटवून, त्या मोकळ्या चिखलाकडे पाहत होते.

"अंजलै," ते म्हणाले, "ही पट्टी का सोडली?"

"तिथं रोप लागत नाही, अय्या."

"कोण म्हणतं? मागच्या वर्षी लागलं होतं."

"मागच्या वर्षी तिथं बाळ जन्मलं नव्हतं," अंजलै म्हणाली.

तिच्या स्वरात उद्धटपणा नव्हता. पाऊस पडला, ऊन पडले, असे आपण सांगतो, तशी ती बोलली. "जिथं बाई बाळंत झाली ती जागा आम्ही कशी तुडवायची? कुणाचं पाऊल उठलं नाही, अय्या. तुम्ही दुसऱ्या बायका आणा. त्या लावतील तर लावोत."

दुसऱ्या बायका कुठून येणार होत्या? त्या दिवशी चटई धरून उभ्या नव्हत्या अशा बायका त्या पंचक्रोशीत थोड्याच होत्या. आणि ज्या नव्हत्या त्यांनी ही कथा ऐकली होती. रंगसामींना हे कळले असणारच. त्यांना रागही आला असेल, कारण त्यांची मान ताठ झाली, आणि मला वाटले, आता हे गड्यांना हाका मारतील. अक्का माझ्या शेजारी उभी होती. जिथे इतक्या जणी बोलून गेल्या होत्या तिथे आणखी बोलणे तिला अनावश्यक वाटले असावे.

रंगसामींनी चपला काढल्या. धोतराचा सोगा वर खोचला, आणि ते त्या रिकाम्या पट्टीत उतरून या टोकाकडून त्या टोकाला सावकाश चालत गेले. चिखलात त्यांची पावले उमटत होती. पलीकडे पोचून त्यांनी मागे वळून पाहिले. काय पाहिले असेल? आपल्या बालपणीची रुंद वाट त्यांना दिसली असेल का, वडिलांच्या गाडीत बसून ते ज्या वाटेने जात असतील ती? मला ठाऊक नाही. त्यांनी पुढेही कधी ते सांगितले नाही. आपल्या गड्याला त्यांनी हाक मारली आणि रोपांच्या ओळीला लागून पायाने रेघ ओढली.

"बांध इथून घाला. ही माती वाटेवर ओढा."

मग आमच्याजवळून जाताना थांबून त्यांनी विचारले, "हात कसा आहे, नर्सम्मा?"

"बरा होतोय," अक्का म्हणाली.

"सैदापेठचे डॉक्टर चांगले आहेत," ते म्हणाले, आणि चपला हातात घेऊन घरी गेले.

एवढेच! ना क्षमा मागणे झाले, ना विजयाचा गजर. पण त्या दिवसापासून वेलचेरीची वाट पुन्हा गावाची झाली. पोंगल सरल्यावर पुरुषांनी टेकाडावरून मुरूम खणून आणला, बायकांनी घमेली वाहिली, रंगसामींच्या दोन गाड्या दिवसभर राबल्या. चारीच्या कडेला दगड बसवले. वाटेची पाठ मध्ये किंचित उंच ठेवली, म्हणजे पाणी तिच्यावर घर करून न बसता दोहों अंगांनी ओघळून जाईल. सरकारी माणूसही कबूल केल्याप्रमाणे आला, आणि झालेले काम पाहून खूश होऊन त्याने वरून रूळ फिरवायला पाठवला. आणि त्याहून महत्त्वाचे असे, की पुढच्या पुरट्टासी महिन्यात, ऐप्पसीच्या आधी, पावसाच्या तोंडावर, कुणी दवंडी न पिटताच गाव पुन्हा वाटेवर उतरला. त्याच्या पुढच्या वर्षीही उतरला.

मला नेहमी वाटत आले आहे, की काही नवे निर्माण करण्याचे सुख सोपे असते, कारण त्याला डोळ्यांपुढे वाढताना पाहता येते. राखण्याचे सुख मात्र अदृश्य असते. खड्डा बुजवणाऱ्याने काय केले? जे मोडणार होते ते मोडू दिले नाही. जे घडलेच नाही ते दाखवावे कसे, त्याला हार घालावा कसा? घरातल्या बायकांना हे मी समजावून सांगायला नको. रोज सारवलेली जमीन, रोज घासलेली भांडी, रोज विंचरलेली मुलांची डोकी. या सगळ्याचे यश कुणाला काही न जाणवण्यातच असते. संसार काय आणि वाट काय, दोन्ही अशाच अनाम हातांवर तरून जातात. यात खंत करण्यासारखे मला तरी काही दिसत नाही. उलट, एवढे हात रोज उठून ते काम करतात, यातच मला या जगाची मोठी शाश्वती वाटते.

दुसऱ्या वर्षी कार्तिकात माझे दिवस भरले. पाऊस पहाटेपासून कोसळत होता. माझे पहिलेच बाळंतपण, आणि अक्का म्हणाली, "घरच्या माणसाचं मी करणार नाही, माझा धीर सुटेल. सैदापेठला जाऊ." तिचा धीर सुटेल यावर कोण विश्वास ठेवणार? तिचे मनगट जरा आखडलेले राहिले होते, ते कारण मात्र तिने एकदाही पुढे केले नाही. गाडी सेल्वीच्या नवऱ्यानेच जुंपली. यजमान छत्री घेऊन मागून चालत होते. मी गवतावर आडवी झाले होते, अक्काच्या मांडीवर डोके ठेवून, आणि कळांपेक्षाही मला भय होते ते एकाच गोष्टीचे. ते चाक, ते क्षणभर थांबणे, ती खचणारी कड. सारे माझ्या अंगात जागे झाले होते. दोन्ही हातांनी मी गाडीची दांडी घट्ट धरली होती. बोटे दुखू लागली होती.

टपावर पाऊस वाजत होता. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांची लय एकसारखी चालली होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

"अक्का," मी म्हटले, "रंगसामींचं वळण आलं की मला आधी सांग."

अक्काने माझ्या कपाळावरचे केस मागे सारले.

"ते केव्हाच मागं गेलं, अगो. आपण गिंडीला आलो."

मी दांडी सोडली.